बालाघाटाच्या पायथ्याचा मुलूख

बीडहून वडवणीमार्गे परळीस जाणारी सडक आणि माजलगावाहून धारूर-केजकडे घाट चढणारी सडक ज्या ठिकाणी एकमेकींना छेदतात, त्या ठिकाणी धारूर तालुक्यातील तेलगाव वसले आहे. येथे किल्ला नाही, राजधानीचे भग्नावशेष नाहीत, पुराणांनी गौरविलेले क्षेत्रही नाही. त्यामुळे बीड जिल्ह्याचा इतिहास सांगणारे ग्रंथ अंबाजोगाई, परळी, धारूर आणि राक्षसभुवन या नामांकित स्थळी रमतात आणि तेलगावावरून मुकाट्याने पुढे निघून जातात. तथापि मराठवाड्याचे राजकारण कसे घडले, सत्ता येथे कोणत्या मार्गाने आली आणि कोणाच्या श्रमावर उभी राहिली, हे ज्यास मुळापासून समजून घ्यावयाचे असेल, त्याने राजवाड्यांच्या दारी न थांबता या चौफुल्यावर उभे राहून एकवार दक्षिणेस आणि एकवार उत्तरेस पाहावे, असे माझे निश्चित मत आहे. दक्षिणेस बालाघाटाची कड दिसते. उत्तरेस गोदावरीकडे उतरत गेलेले काळे रान पसरलेले असते. या दोन भूमींमधील अंतर थोडे आहे, पण त्यांच्या नशिबांमधील अंतर फार मोठे आहे, आणि गेल्या पाचशे वर्षांतील प्रत्येक अंमलाने ते आपापल्या परीने वाढविले किंवा वापरले.

येथील माणसे आपल्या जिल्ह्याचे दोन भाग सहजगत्या सांगतात: एक घाटावरचा आणि दुसरा गंगथडीचा. गंगा म्हणजे अर्थात गोदावरी. घाटावरची जमीन बहुतांशी बरड आणि मुरमाड. पावसाचे पाणी तिच्यावरून ओघळून जाते, आणि थोड्याशा मातीखाली खडक लागतो. त्या उतारांवर सीताफळीची झाडे कोणी न लावता उगवतात, आणि बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकन मिळाले ते याच बालाघाटी खडकाच्या कृपेने. उलट सिंदफणा आणि कुंडलिका या नद्यांच्या काठची जमीन काळी, खोल, ओल धरून ठेवणारी. पाऊस उघडल्यावरही रब्बीची ज्वारी आणि करडई तीत केवळ ओलीवर पिकते. सिंदफणा मंजरथाजवळ गोदावरीस मिळते. घाटावर शंभर एकर असणारा आणि गंगथडीत वीस एकर असणारा हे दोघे सोयरिकीच्या बैठकीत बरोबरीने बसत, असे वृद्ध माणसे सांगतात, ते या मातीच्या प्रतीमुळेच. तेलगाव या दोन मुलखांच्या सीमेवर आहे. घाट येथे संपतो आणि थडी येथे सुरू होते.

गंगथडीच्या समृद्धीची जुनी साक्ष माजलगाव तालुक्यातील पुरुषोत्तमपुरी येथे मिळालेल्या ताम्रपटात आहे. देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाच्या काळातला, शके १२३२ म्हणजे इसवी सन १३१० चा हा लेख; त्यात राजाचा प्रधान पुरुषोत्तम याच्या नावे वसविलेल्या अग्रहाराचा वृत्तान्त आहे. दिल्लीच्या फौजा देवगिरीवर येऊन गेल्या होत्या, यादवांचे स्वातंत्र्य नाममात्र उरले होते, आणि तरीही गोदावरीकाठची गावे दान देण्याइतकी भरलेली होती, ही गोष्ट मला त्या ताम्रपटातील प्रशस्तीपेक्षा अधिक बोलकी वाटते. अधिक महिन्यात आजही पुरुषोत्तमपुरीस भाविकांची रीघ लागते, आणि घाटावरची माणसे तेलगावाच्या वाटेने तिकडे उतरतात. घाटमाथ्याचे वैभव वेगळ्या जातीचे. अंबाजोगाईस ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांची समाधी आहे, आणि लांबच लांब पासोडीवर पंचीकरण लिहून ठेवणारे दासोपंतही तेथलेच. अन्नधान्य खाली आणि ग्रंथरचना वर, अशी ही वाटणी झाली असे म्हणणे धाडसाचे होईल. पण योगेश्वरीच्या डोंगरात बसून चिंतन करणाऱ्या महापुरुषांच्या शिध्याचे धान्य कोणत्या रानातून घाट चढून येत असे, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

घाटाची राजकीय किंमत प्रथम ओळखली ती बहामनी राज्याच्या वारसांनी. विजापूरच्या अली आदिलशहाचा सरदार किश्वरखान याने १५६७ च्या सुमारास धारूरचा किल्ला बांधला. अहमदनगरच्या निजामशाहीच्या अंगावर उगारलेला तो हात होता. कारण धारूर ज्याच्या हाती, त्याच्या हाती बालाघाटावरून गोदावरीच्या खोऱ्यात उतरण्याची वाट. मुर्तजा निजामशहा तो किल्ला घेण्यास निघाला तेव्हा किल्ल्यात शिरेपर्यंत घोड्यावरून उतरणार नाही अशी त्याने शपथ वाहिली, असे फरिश्त्याने आपल्या तवारिखेत लिहून ठेवले आहे. बाण लागून किश्वरखान पडला, किल्ला निजामशाहीत गेला, आणि पुढे धारूर ‘फतेहाबाद’ या नावानेही दफ्तरात नोंदले जाऊ लागले. १६३१ मध्ये, सबंध दख्खन दुष्काळाने होरपळत असताना, शहाजहानचा सेनापती आजमखान याने हा किल्ला मोगलांकरिता जिंकला. त्यानंतर औरंगाबाद सुभ्याच्या सरकारांच्या यादीत बीड हे एक सरकार आणि फतेहाबाद-धारूर हे दुसरे, अशी नोंद आढळते. फतेहाबादेस मोगलांची टांकसाळही होती.

आज त्या टांकसाळीचा मागमूस नाही, आणि धारूर हे महामार्गावरचे एक लहान शहर आहे. पण किल्ल्याचा अर्थ किल्ल्याच्या भिंतीत शोधू नये. माथ्यावर किल्ला आणि पायथ्याशी पेठांची गावे अशी जी रचना असते, तीत पायथ्याच्या गावांवर फौजेच्या प्रत्येक हालचालीचा भार पडतो. वैरण मागितली जाते, बैल वेठीस धरले जातात, घाट चढताना तोफा आणि ओझी ओढण्यास माणसे लागतात. लमाणांचे तांडे धान्य आणि मीठ लादून याच वाटांनी फिरत. घाटाखाली बैल उतरवून विसावा घ्यायचा आणि पहाटे चढ चढावयास लागायचे, हा त्या व्यवसायाचा क्रमच होता. इतिहासकार वेढ्यांची वर्णने लिहितात. वेढा चालावा म्हणून ज्यांच्या खळ्यातील धान्य उचलले गेले, त्यांची नावे कोणत्याही तवारिखेत नाहीत.

अठराव्या शतकात या मुलखाने दुअंमलीचा अनुभव घेतला. १७२४ मध्ये निजामुल्मुल्काने दख्खनेत स्वतंत्र अंमल बसविला. परंतु १७१९ च्या बादशाही सनदांनी चौथाई आणि सरदेशमुखीचा हक्क मराठ्यांकडे आलेला होता. सबब एकाच पिकावर एका बाजूने निजामाचा आमील आणि दुसऱ्या बाजूने पेशव्यांचा कमाविसदार यांची नजर असे, आणि रयतेस दोघांनाही तोंड द्यावे लागे. सत्तेचा निकाल दूर कोठे तरी लागत असला तरी एकदा तो याच जिल्ह्याच्या मातीत लागला: १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदावरीच्या काठी राक्षसभुवन येथे राघोबादादा आणि तरुण माधवराव पेशवे यांनी निजामाच्या सैन्याचा मोड केला. नदीस पूर आलेला, निजामअली पलीकडच्या काठावर आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे फौजेसह अडकलेला. त्या युद्धात दिवाण मारला गेला. पानिपतानंतर अडीच वर्षांनी मराठी राज्याची पत सावरली ती या विजयाने, आणि या विजयाचा निम्मा वाटा श्रावणातील गोदावरीचा होता. तरीही मुलूख अखेर निजामाकडेच राहिला. १८१८ साली पेशवाई बुडाली त्याच वर्षी धर्माजी प्रतापराव याने बीडच्या परिसरात बंड उभारले, आणि इंग्रज अंमलदाराच्या हाताखालील फौजेने ते मोडून काढले. पुढे अंबाजोगाईस, तत्कालीन मोमिनाबादेस, हैदराबाद कंटिंजंटचे घोडदळ ठाण मांडून बसले.

सालारजंगाच्या दिवाणगिरीत, १८६५ च्या सुमारास, जिल्हाबंदी झाली आणि आजचा महसुली कारभार आकारास आला. अव्वल तालुकदार हा जिल्ह्याचा प्रमुख, त्याखाली दुय्यम तालुकदार, तहसीलदार, पेशकार, गिर्दावर. गावात माली पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी. मुलूख मात्र एकसंध नव्हता. काही गावे दिवाणी, काही सर्फ-ए-खास म्हणजे निजामाच्या खाजगी खर्चाकडे लावलेली, काही पायगा अमिरांची, काही जहागिरीची. शेजारशेजारच्या दोन गावांत कायदा निराळा, दाद मागावयाची जागा निराळी. शिवाय सरहद्दीवर करोडगिरीचा नाका. मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या मुलखातून, इंग्रजी मुलखात जाणाऱ्या मालावर जकात. जहागिरीच्या गावात विहीर पाडावयाची तर कोणाच्या हुकुमाने, आणि पाडल्यावर ती जमीन आपल्याकडे राहील याची हमी कोण देणार, अशा अवस्थेत माणूस मातीत पैसा घालीत नाही. मराठवाड्याच्या मागासलेपणाची कारणे सांगताना पर्जन्यमानाचे आकडे सर्वप्रथम मांडले जातात. माझ्या मते या अनिश्चित भूधारणेस त्यांच्या शेजारीच जागा दिली पाहिजे.

त्या काळचे आणि त्याच्या लगेच नंतरचे कागद अद्याप जिवंत आहेत. जमिनीचा तंटा निघाला की वकील आजही ‘खासरा पाहणी आणा’ असे सांगतो. १९५४-५५ च्या सुमारास तयार झालेले हे पत्रक तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून काढले, तर पिवळ्या पडलेल्या, कडेला भुसभुशीत झालेल्या कागदावर सर्व्हे नंबर, रकबा, आकार, कब्जेदाराचे नाव आणि कुळाचे नाव अशा रकान्यांत एका पिढीची सगळी हकिगत सापडते. कब्जेदाराच्या रकान्यात एक नाव, वहितीच्या रकान्यात दुसरे. आणि त्या दोन नावांमधील भांडण नातवांपर्यंत आलेले. त्याहून जुने कागद मोडीत किंवा उर्दूत. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्याच्या तहसिलींत मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला, आणि ज्या दफ्तरांकडे कित्येक वर्षांत कोणी ढुंकून पाहिले नव्हते, त्यांतील ‘कुणबी’ या एका शब्दावर तरुणांची भवितव्ये अवलंबून राहिली. जुना महसुली कागद मृत झाला असे समजणाऱ्या सर्वांनी या घटनेचा विचार करावा.

निजामी राजवटीने आणखी एक गोष्ट केली, किंबहुना केली नाही. १९०० मध्ये गोदावरी खोऱ्याची मनमाड-हैदराबाद रेल्वे औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड या मार्गाने गेली. पुढे पूर्वेच्या टोकास परळीपर्यंत रूळ आले. बीड शहर आणि त्याच्या आसपासचा सारा प्रदेश दोन्हींच्या मध्ये कोरडा राहिला. कापसाची गाठ गाडीवर लादून जालन्यास किंवा परळीस न्यावयाची, मधल्या वाटेचा भाव व्यापाऱ्याने कापून घ्यावयाचा, हे ठरून गेले. तेलगावासारख्या चौफुल्यांचे महत्त्व टिकले ते रेल्वे नव्हती म्हणून; येथे जे काही जमले, ते बैलगाडीच्या आणि पुढे मोटारीच्या वाहतुकीवर जमले.

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा या भागातील जीवनस्रोत घाटावर, अंबाजोगाईस होता. स्वामी रामानंद तीर्थ १९३५ मध्ये तेथील योगेश्वरी शाळेत आले, आणि बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह त्यांनी शिक्षणाच्या मिषाने कार्यकर्त्यांची एक पिढी उभी केली. उर्दू ही राजभाषा असलेल्या राज्यात मराठीतून शिकविणे हेच मुळात राजकीय कृत्य होते. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर जन्मापूर्वीच बंदी आली, सत्याग्रह झाले. १९४७ नंतर रझाकारांचे वर्ष आले, आणि सरहद्दीपलीकडच्या कार्यकर्त्यांच्या छावण्यांतून करोडगिरीचे नाके जाळण्याचे, ठाण्यांवर छापे घालण्याचे काम चालले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेस निजाम शरण आला. हा आनंदाचा दिवस होता आणि आहे. परंतु त्यामागून जे सूडसत्र झाले, आणि ज्याची पाहणी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली, त्यात शेजारचा उस्मानाबाद जिल्हा सर्वाधिक पोळलेल्यांपैकी होता. निरपराध मुसलमान कुटुंबांनी त्याची किंमत मोजली. मुक्तीचा इतिहास सांगताना हे पान वगळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

जहागिऱ्या १९४९ मध्ये गेल्या, १९५० मध्ये हैदराबादचा कूळ कायदा आला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. हा सर्व क्रम सर्वश्रुत आहे. त्यामानाने कमी ध्यानात घेतली गेलेली गोष्ट अशी की, बीडने लोकसभेत आपला आवाज पाठविताना वारंवार डावीकडे पाहिले. १९५२ मध्ये पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे बाबासाहेब परांजपे निवडून आले. १९६७ मध्ये साताऱ्याच्या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट पक्षाच्या वतीने बीडमधून निवडले गेले. ज्यांचे सारे कर्तृत्व कृष्णाकाठी घडले, त्यांना बालाघाटाच्या शेतकऱ्याने आपले मानले. १९७७ मध्ये मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे. जमीन, कूळ, मजुरी आणि धान्य हे येथील मतदाराचे प्रश्न होते. काँग्रेसच्या छत्राखालील सहकारी कारखानदारी येथे उशिरा पोहोचली, त्यामुळे त्या प्रश्नांस दुसरे उत्तर देणारे कोणी नव्हते.

मग १९७२ चा दुष्काळ आला. सलग दोन वर्षे अपुरा पाऊस आधीच झालेला होता. त्या वर्षी तर पेरलेले उगवलेच नाही. खडी फोडण्याच्या कामांवर सबंध गावे लोटली, पाझर तलाव खणले गेले, मुलांना सुकडी मिळाली आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी लोकांनी खाल्ली. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला तो या अनुभवातून. पण दुष्काळाचा दुसरा परिणाम कायद्याने झाला नाही. तो पोटाने केला. घाटावरच्या माणसांना कळून चुकले की पाऊस पडला तरी बरड जमिनीवर वर्ष निघत नाही, आणि नगर, कोल्हापूर, सांगली या जिल्ह्यांतील कारखान्यांना दसऱ्यानंतर हातांची गरज असते. ऊसतोडीला जाणे आधीही होते; बहात्तरनंतर ती घाटावरची शेतीच्या बरोबरीची वहिवाट झाली.

खाली गंगथडीत त्याच काळात उलट घडत होते. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी केली, १९७६ मध्ये या धरणाचा जलाशय नाथसागर राष्ट्रास अर्पण झाला; त्याचा उजवा कालवा १३२ किलोमीटर चालत येऊन माजलगावच्या जलाशयात मिळतो. जायकवाडीचा दुसरा टप्पा म्हणून सिंदफणेवर उभारलेले माजलगावचे धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले. काठची गावे पाण्याखाली गेली, त्यांतील माणसे नव्या गावठाणांत हलविली गेली, आणि ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. पाण्यामागून ऊस आणि उसामागून कारखाना हा महाराष्ट्रातील क्रम येथेही चुकला नाही. माजलगाव सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो तेलगावास. आज त्यास लोकनेते सुंदरराव सोळंके यांचे नाव आहे. सुंदरराव हे या भागातील राजकारणाचे शिल्पकार. १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या मंत्रिमंडळात ते उपमुख्यमंत्री होते. कारखाना धारूर तालुक्याच्या गावात, नाव माजलगावचे, ऊस दोन्हींकडचा: सीमेवरच्या गावाचे हे वैशिष्ट्य येथेही उमटले.

हंगामाच्या दिवसांत तेलगावी गेले असता कारखान्याची सत्ता काय असते ते डोळ्यांनी दिसते. आधी बॉयलरचे अग्निप्रदीपन, मग मोळीची पूजा करून ती गव्हाणीत टाकली जाते, आणि त्या दिवसापासून सडकेच्या कडेला ट्रॅक्टर आणि टायरच्या बैलगाड्या यांची रांग लागते. काट्यावर वजन, वजनाची पावती, पावतीवर तोडीची तारीख; या एका कागदावर शेतकऱ्याचे वर्ष टांगलेले असते. आपल्या उसाला तोड केव्हा मिळेल हा प्रश्न ज्या कोणास विचारावा लागतो, त्याच्या हाती राजकारण जाते. चिठ्ठी लवकर मिळाली तर साखर उताऱ्याच्या भरात ऊस जातो, उशीर झाला तर वाळून काठी होतो. पूर्वी पाटील, देशमुख आणि जहागीरदार यांच्या ओट्यावर जी माणसे बसत, ती आता संचालकांच्या दारी बसू लागली. हे मी निंदेने लिहीत नाही. सहकाराने या भागात शाळा काढल्या, बँका काढल्या, पोरांना नोकऱ्या दिल्या, आणि ज्या माणसास सावकाराखेरीज कोणी ओळखत नव्हते त्यास सभासद म्हणून मताचा हक्क दिला. पण पाणी जेथवर गेले तेथवरच सहकार गेला, आणि पाणी घाट चढले नाही.

म्हणूनच तेलगावाच्या चौफुल्यावर दसऱ्यानंतर दुसरी एक रांग दिसते. धारूर, वडवणी, केज, परळी या तालुक्यांतील वाड्यांवरून आणि तांड्यांवरून भरलेले ट्रक ऊसतोडीस निघतात. आत संसार: पत्रे, बांबू, चुलीची भांडी, ज्वारीचे पोते, कोंबड्या, एखादी शेळी, आणि त्यांवर बसलेली माणसे. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा कोयता. पावसाळ्यातच मुकादमाने उचल दिलेली असते, आणि ती लग्नात, आजारपणात किंवा मागील वर्षीच्या बाकीत खर्च झालेली असते. फडाशेजारी कोप्या उभ्या राहतात. पहाटे थंडीत बाई चूल पेटवून भाकऱ्या थापते, मग दोघे फडात शिरतात. तो बुडख्याशी ऊस तोडतो, ती पाचट काढून मोळी बांधते, आणि गाडी आली की मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढून ती रचते. वाढे विकून मिळेल तो वरखर्च. हिशेब मार्चअखेरीस, कारखान्याचा पट्टा पडल्यावर. तोवर उचल फिटली तर ठीक, न फिटली तर ती पुढील हंगामाचे बंधन होऊन राहते.

या श्रमाचा सर्वांत जड भाग बाईच्या वाट्याला आला. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामात बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे दिसले. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर मुकादम दंड कापतो, फडात ना आडोसा ना पाणी, आणि दुखणे उपटूनच टाका असा सल्ला देणारे मिळतात. किश्वरखानाच्या किल्ल्यापासून शरद पवारांच्या मंत्रिमंडळापर्यंत या मुलखाच्या ज्या ज्या गोष्टी मी वर लिहिल्या, त्यांतील एकाही गोष्टीने माझ्या मनास या आकड्याइतका घोर लावलेला नाही.

घाटावरच्या या कष्टकऱ्यांचेही राजकारण उभे राहिले. तेलगावापासून परळीच्या वाटेवर सिरसाळ्याजवळ नाथ्रा हे गाव आहे; गोपीनाथ मुंडे तेथले. मुकादम आणि तोडणी कामगार यांची भाववाढीची मागणी संपाच्या मार्गाने मांडत ते कारखानदारांच्या समोर बसले, आणि १९९५ मध्ये उपमुख्यमंत्री झाले. म्हणजे सोळंके आणि मुंडे, राज्याचे दोन उपमुख्यमंत्री या एकाच पट्ट्याने दिले. एकाचा पाया उसाच्या मालकाच्या मतावर, दुसऱ्याचा ऊस तोडणाऱ्याच्या. पुढे मुंड्यांनीही परळीजवळ वैद्यनाथ कारखाना काढला, ही गोष्ट या प्रदेशात सत्तेचा रस्ता अखेर कोठून जातो हे दाखविते. त्यांच्या राजकारणाचा पंचांगाशी जडलेला संबंध मात्र स्वतंत्र विचार करण्याजोगा आहे. भगवानगडावरील दसरा मेळावा हा भक्तीचा आणि त्याचबरोबर निरोपाचा मेळावा होता: दुसऱ्या दिवसापासून ट्रक निघावयाचे, सहा महिने माणसे पांगावयाची, तत्पूर्वी सबंध समाज एका जागी पाहण्याची ही एकच वेळ. गावातील सप्ताह, लग्ने, जत्रा हेही गुढीपाडव्यापासून दसऱ्यापर्यंतच्या अर्ध्या वर्षात दाटून बसले, कारण उरलेल्या अर्ध्या वर्षात वाड्यांवर म्हाताऱ्या माणसांवाचून कोणी नसते. चालीरीतींचा इतिहास लिहिणारांनी येथील विवाहतिथींचा मेळ मुहूर्ताइतकाच कारखान्याच्या गाळपाशी घालून पाहावा.

मुंडे ३ जून २०१४ रोजी अपघातात गेले. त्यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचे कल्याण महामंडळ झाले, आणि तोडणी कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने सरकारी वसतिगृहे निघाली. आईबाप फडावर असताना मूल शाळेत टिकावे, हा त्यांचा हेतू आहे. आणि जो मुलगा किंवा मुलगी आज अशा वसतिगृहात राहून दहावीची परीक्षा देत आहे, त्याच्या घरातील कदाचित तीच पहिली पिढी असेल जी थंडीचे दिवस घरच्या तालुक्यात काढते. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिदिनीच, अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे आली. २६१ किलोमीटरच्या या मार्गाचा उरलेला टप्पा वडवणी-सिरसाळ्याच्या बाजूने परळीस जावयाचा आहे. शेगावहून पंढरपुरास जाणारा दिंडीचा रस्ता तेलगावावरून महामार्ग होऊन गेलाच आहे; फक्त धारूरच्या घाटात तो अजून अरुंद आहे, आणि उसाने भरलेली गाडी वळणावर अडली की वरची वाहने वर आणि खालची खाली तासन् तास उभी राहतात.

या भागाच्या संशोधकांस एक विनंती करावीशी वाटते. यादवांचा ताम्रपट विद्वानांनी वाचला, फतेहाबादची नाणी संग्रहालयांत आहेत, खासरा पत्रके तहसिलींत आहेत. मुकादमांच्या वह्या मात्र कोणी जमविलेल्या नाहीत. उचल किती, कोणास, कोणत्या कारखान्यासाठी, फिटली की राहिली, याची नोंद आणि तिच्याखाली आंगठे. अशा वह्या धारूरच्या आणि वडवणीच्या कित्येक घरांत माळ्यावर आणि ट्रंकांत पडून आहेत, आणि दर पावसाळ्यात त्यांतील काही वाळवीच्या तोंडी जातात. त्या हाती घेऊन नीट वाचल्या, तर बहात्तरनंतरच्या बालाघाटाची जमाबंदी त्यांत पूर्ण लिहिलेली सापडेल. हे काम विद्यापीठाने करावे, महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी करावे, पण येत्या चार-दोन वर्षांत करावे. कारण ज्यांनी त्या वह्या लिहिल्या ती माणसे आता सत्तरीपार गेली आहेत आणि त्यांचे अक्षर लावून सांगणारे दुसरे कोणी नाही.